बॅटरीसर आणि गाईने केलेली भेसळ

बॅटरीसरांना चहा द्यायचा म्हणजे घरातल्या बाईला आधी मन घट्ट करावे लागे. सर कपबशी घेत नसत. "वहिनी, काचेच्या ग्लासात द्या," म्हणत. ग्लास आला की शर्टाच्या खिशातून बोटाएवढी बॅटरी काढून ग्लासाच्या एका बाजूने उजेड टाकत, दुसऱ्या बाजूने डोळा लावत आणि समाधानाने म्हणत, "विषमांगी." मगच पहिला घोट.

"सर, आमी काय घातलंय त्यात, असं वाटलं का तुमाला?" एका घरी विचारले गेले.

"घातलंय ना. दूध, साखर, पत्ती, आलं. चार जणांना एका ठिकाणी आणलंय तुम्ही, पण चौघं एक झालेले नाहीत."

हे वाक्य त्यांनी एका सोयरिकीच्या बैठकीत, दोन्हीकडची माणसे पोहे खात असताना उच्चारले. त्यानंतर त्यांना कोणी सोयरिकीला बोलावले नाही.

सर मूळचे राजुरीचे. आमची शाळा घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. रोज जाऊन येऊन करणे शक्य नव्हते म्हणून ते शिनोलीत एका खोलीत राहत. विज्ञान शिकवत तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढेच शिक्षक. सुट्टीच्या दिवशी ते कायद्याने कोणीच नसत. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव सहा वर्षे संस्थेच्या कार्यालयात होता. शाळेत त्या प्रस्तावाइतके कायम दुसरे काहीच नव्हते.

आम्ही नववीला आल्यावर त्यांनी पहिल्याच तासाला सांगितले, "कुठूनही चिमूट उचला. सारखीच निघाली तर समांगी. नाही निघाली तर विषमांगी. डोळ्यांना कळलं नाही तर उजेड टाका. आत उजेडाची रेघ दिसली की समजायचं, आत कोणीतरी अजून वेगळं आहे." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, मोबाईलचा उजेड चालेल का? "मोबाईलचा उजेड पुढाऱ्यासारखा," सर म्हणाले, "सगळीकडे पसरतो, आत शिरत नाही."

मग रोज कोणीतरी घरून एक पदार्थ आणायचा, असा नियम झाला. मीठपाणी आले, खोबरेल आले, उसाचा रस आला, नदीचे गढूळ पाणी आले. एकाने डब्यातून मासवडी आणली. सरांनी तिची चकती उजेडाकडे धरली. बाहेर बेसनाचे कवच, आत तीळ, खोबरे, कांदा. "याला बॅटरी लागत नाही," असे म्हणून त्यांनी वर्गीकरण खाऊन पूर्ण केले आणि खात्रीसाठी दुसरी चकती घेतली. सत्यनारायणाचे पंचामृतही त्यांच्या तावडीतून सुटले नाही. पूजेला बसलेल्या यजमानाचा चेहरा उतरला, तेव्हा सर म्हणाले, "देवाला विषमांगी चालतं. तुमची काय हरकत आहे?"

रुखसार माझ्या बाकावर बसायची. तिचे अब्बा भांड्यांना कल्हई करत. कल्हई लावून घेणारी घरे कमी झाली तसे ते कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करू लागले. रुखसारने एक दिवस पितळी तांब्याचा फुटका काठ आणला. पितळेत तांबे आणि जस्त असते हे आम्ही पाठ केलेले होते, त्यामुळे सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "विषमांगी!" रुखसार हळूच म्हणाली, "सर, अब्बा म्हणतात पितळ कुठंही घासा, पितळच निघतं." सरांनी हातातला खडू तिला दिला. "ये. तूच लिही फळ्यावर. पितळ समांगी. चाळीस जण ओरडले म्हणून धातू बदलत नाही." एरवी तास सुटेपर्यंत तोंड न उघडणारी ही मुलगी त्या दिवसापासून हात वर करू लागली.

पुस्तकात समांगी-विषमांगीच्या पुढे निलंबन येते. पाण्यात माती ढवळली, ती काही वेळ तरंगते आणि मग तळाला बसते, ते निलंबन. आम्हाला मात्र हा शब्द पेपरातल्या बातम्यांमुळे आधीच माहीत होता.

"सर, ते तलाठी निलंबित झाले व्हते, ते पण तळाला बसले का?"

"नाही, ते परत वर आले. त्यांना तेल म्हणतात."

"आन तुमाला कोनी निलंबित केलं तर?"

"मला करता येत नाही," सर अभिमानाने म्हणाले. "निलंबित व्हायला आधी कायम असावं लागतं."

आम्ही पोट धरून हसलो. आज ते आठवले की माझी मूठ वळते. मुले घडवणाऱ्या माणसाला सहा वर्षे तासावर ठेवायचे आणि सत्कार समारंभात राष्ट्राचा शिल्पकार म्हणून नारळ द्यायचा, हा आपल्याकडचा रिवाज आहे. नारळ तरी पूर्ण देतात, एवढेच.

ज्यांच्या सहीवर सरांचा प्रस्ताव अडला होता ते आप्पा. आप्पा शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते आणि गावच्या दूध संस्थेचेही. सकाळी दूध मोजत, दुपारी पोरे. त्यांचे भाषण एकच होते आणि ते पंधरा ऑगस्टपासून तेराव्यापर्यंत कुठेही चाले. "आपलं गाव म्हणजे दूध! दुधासारखं एकजीव!" या एकजीव गावात स्मशाने तीन होती. भंडाऱ्याच्या पंगती दोन बसत. डिंभ्याच्या धरणात वाड्या बुडाल्या म्हणून खाली येऊन राहिलेली माणसे दोन पिढ्यांनंतरही "धरणावाली" होती, आणि रुखसारच्या अब्बांना कुकरची शिट्टी बसवायला घरात बोलावले, तरी पाण्याचा तांब्या ओट्यावर वेगळा ठेवला जाई. आप्पांचे भाषण संपले की टाळ्या वाजत. सर टाळी वाजवत नसत. खिशातल्या बॅटरीचे बटण दाबत, सोडत, दाबत. "एकजीव दिसायला काही लागत नाही," एकदा ते नुसतेच पुटपुटले, "चांगलं ढवळलं की झालं."

स्नेहसंमेलनात विज्ञान प्रश्नमंजूषा ठेवली ती सरांनीच. जिंकेल तो तालुक्याच्या स्पर्धेला जाणार होता. शेवटच्या फेरीत दोघे उरले. एक रुखसार, दुसरा तुषार, आप्पांचा पुतण्या. तुषार मुलगा चांगला होता. त्याचा दोष इतकाच की तो आप्पांचा पुतण्या होता, आणि आमच्याकडे तो दोष गुणांत धरतात. दुपारची वेळ. सभागृहात पालक दाटीने बसलेले, आणि आमच्याकडे पालक म्हणजे दूध संस्थेचे सभासदच. आप्पा व्यासपीठावर मधल्या खुर्चीत.

"शेवटचा प्रश्न," सर म्हणाले. "दूध. वर्गीकरण करा."

तुषारने आधी घंटा वाजवली. "समांगी!"

"चूक. रुखसार?"

रुखसार उभी राहिली आणि सरांनी शिकवले तसे पूर्ण वाक्यात म्हणाली, "दूध हे विषमांगी मिश्रण आहे."

सभागृहात 'विषमांगी' कोणाला कळले नव्हते. 'मिश्रण' सगळ्यांना कळले होते. दुधाच्या गावात मिश्रण या शब्दाला एकच अर्थ असतो, आणि तो चारचौघांत उच्चारायचा नसतो.

"मिश्रण?" मागून आवाज आला. "कुनी केलं मिश्रण?"

"डेअरीतच करत्यात! मी कवाचा म्हनतोय!"

"तरीच राव, आमची फॅट कमी लागती!"

आप्पा उठले. त्यांचा चेहरा पाहून मुख्याध्यापिका बाईही उठल्या. "सर, ही पोरगी काय म्हनती?"

"बरोबर म्हणते, आप्पा."

"बरोबर? आपल्या दुधात मिश्रण?"

"आपल्याच नाही, सगळ्याच दुधात. पाणी, स्निग्धांश, साखर, प्रथिनं. गाईनंच मिसळून दिलंय."

"ऐका!" मागचा आवाज म्हणाला. "भेसळ गाय करती म्हनं!"

हशा उसळला. इथे थांबले असते तर गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण सरांना सिद्ध केल्याशिवाय खाली बसता येत नसे. त्यांनी खिडक्या लावायला सांगितल्या, पाण्याचा ग्लास मागवला, चहाच्या पातेल्याजवळून वाटीभर दूध आणवले. नुसत्या दुधात उजेड आरपार जात नाही, म्हणून दोन थेंब पाण्यात टाकावे लागतात. हे रसायनशास्त्र झाले. दूध संस्थेच्या अध्यक्षांच्या व्यासपीठावर, दूध संस्थेच्या सभासदांसमोर, शाळेचा मास्तर एका भांड्यात दूध आणि पाणी एकत्र करतो, हे मात्र वेगळेच शास्त्र झाले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

अंधारात ग्लास आरपार उजळला. आत दुधट निळसर रेघ उभी राहिली.

"दिसलं?" सरांनी आनंदाने विचारले.

"दिसलं सर," एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "सगळं दिसलं. इतक्या वरसांनी दिसलं."

आप्पांनी खिडक्या उघडायला लावल्या आणि चहावाल्याकडून दुधाची पिशवी मागवली. हो, पिशवी. आमच्या गावचे दूध टँकरमधून शहरात जाते, तिथून पिशवीत बसून परत येते आणि गावच्याच समारंभात त्याचा चहा होतो. आप्पांनी पिशवी डोक्यावर धरली. "हे बगा काय छापलंय! होमोजिनाइज्ड! काय म्हनत्यात इंग्रजीत समांगीला? तुमीच शिकवता ना, सर? मग कंपनी येडी हाय का?"

टाळ्या पडल्या. सरांनी टाळ्या थांबू दिल्या.

"आप्पा, होमोजिनाइज्ड म्हणजे साय वर येऊ नये म्हणून तिचे गोळे दाबून बारीक केलेले असतात. गोळे आतच असतात. दिसत नाहीत, एवढंच."

पुढे मी ऐक्यावर पुष्कळ भाषणे ऐकली, पत्रके वाचली, काही स्वतःच लिहिली. आमच्या गावाचे इतके थोडक्यात वर्णन कुठे सापडले नाही.

आप्पा मुरलेले होते. ते एकदम हसले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या सर. दोघंबी आपलीच लेकरं. पहिला नंबर विभागून टाकू. मिटलं!" बाई सरांच्या कानाशी लागल्या. मी पुढेच होते, ऐकू आले. "सर, हो म्हणा. शनिवारी मीटिंग आहे. तुमचा प्रस्ताव आहे त्यात. सहा वर्षं झाली सर."

सरांनी खाली बसलेल्या रुखसारकडे पाहिले. मग म्हणाले, "आप्पा, तुषारला मी माझ्या हातानं पेढा देतो. पण उत्तर कसं विभागायचं? अर्धं दूध समांगी म्हणू का?"

मग आप्पांनीच माईक घेतला आणि जाहीर केले. प्रथम तुषार. रुखसार उत्तेजनार्थ. निकालपत्रावर परीक्षक म्हणून सही मात्र सरांची लागत होती.

दुसऱ्या दिवशी रुखसारचे अब्बा मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकापाशी आले. हातात पिशवी, पिशवीत कोणाचा तरी कुकर. "सर, पोरीला नंबर नको. आमाला याच गावात ऱ्हायाचं हाय. आन तुमी बी कायम व्हा. आमच्यापायी कशाला?"

"चाचा, तुम्ही कल्हई भांड्याला बाहेरून लावता का?"

"न्हाई. आतनं. खायचं आतनं असतंय."

"मग मला का बाहेरून लावायला सांगता?"

अब्बांनी कुकरची पिशवी खांद्याला लावली. "बोलन्यात तुमाला कोन जिंकनार, सर," म्हणाले आणि गेले.

सरांनी निकालपत्र भरले. प्रथम क्रमांक, रुखसार. खाली सही केली. पोस्टाने पाठवले तर वाटेतच विरघळेल, म्हणून स्वतः एस.टी.ने घोडेगावला गेले आणि तालुक्याच्या स्पर्धेचे नाव नोंदवून आले. शनिवारच्या मीटिंगमध्ये त्यांचा प्रस्ताव "पुढील विचारार्थ" ठेवला गेला. पुढील विचार कोण करणार, ते इतिवृत्तात नव्हते.

स्पर्धेला रुखसारबरोबर राखीव म्हणून मी गेले होते. पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीत एका नदीचा उगम विचारला आणि ती बाद झाली. एवढे सगळे रामायण करून भूगोलात हरली. परतीच्या एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. सर पुढच्या सीटवरून मागे वळले.

"कुठलं उत्तर चुकलं?"

"नदीचं."

"चुकलंच होतं ना?"

"हो, सर."

"मग रडायचं नाही. चुकीच्या उत्तरावर हरलं तर घरी जाऊन अभ्यास करता येतो. बरोबर उत्तरावर तेवढं हरायचं नाही माणसानं."

आप्पा वाईट माणूस नव्हते, हे लिहिलेच पाहिजे, नाहीतर सर माझे हे पान परत करतील. एप्रिलमध्ये काही पालक त्यांच्याकडे गेले. दहावीचे वर्ष येतेय, सरांना राहू द्या म्हणाले. तुषारचे वडीलही त्यांत होते. आप्पा म्हणाले, "मी कुटं नाय म्हनतो? कायम करतो की. पन सभासद मला इचारत्यात, दुधात काय मिसळता? सरांनी एक ओळ लिहून द्यावी. नजरचूक झाली, दूध समांगी हाय, मिश्रण न्हाई. ती ओळ डेअरीत लावतो. त्यांचं बी भलं, माजं बी."

कागद बाईंनी तयार केला. "मी खाली सही करणार असे लिहून देतो की, स्नेहसंमेलनात नजरचुकीने..." अशी सुरुवात होती. एक ओळ म्हणता म्हणता अर्धे पान झाले होते. सर तो कागद घेऊन प्रयोगशाळेत गेले. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि दोन टेबले. आम्ही व्हरांड्यातून पाहत होतो. राजुरीला त्यांचे आईवडील होते, बहिणीचे शिक्षण चालू होते, हे आम्हाला माहीत होते. त्या सहीत पुढची तीस वर्षे होती. सरांनी पेन उघडले. बराच वेळ ते कागदावर वाकून बसले. रुखसार माझा हात इतका घट्ट धरून होती की नखे रुतली. "करू देत," ती पुटपुटत होती, "करू देत सही, या अल्ला, करू देत."

शाळा सुटायच्या घंटेला सरांनी कागद बाईंना दिला. बाईंनी पाहिला आणि डोळ्यांना रुमाल लावला. सरांनी सगळे ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या शाईने दुरुस्त केले होते. 'दुध' होते तिथे 'दूध' केले होते. समासात लिहिले होते : भाषा सुधारली, आशय चुकीचा. सहीची जागा रिकामी होती.

मे महिन्यात ते गेले. निरोप समारंभ झाला नाही. तासावरच्या माणसाचा तास संपतो, त्याला निरोप कसला? पत्र्याची एक पेटी आणि पुस्तकांचे गाठोडे घेऊन ते शिनोलीच्या थांब्यावर उभे होते. मी आणि रुखसार सायकलवर डबलसीट गेलो. एस.टी. नेहमीप्रमाणे आली नव्हती, त्यामुळे बोलायला वेळ होता.

"सर, माझ्यामुळं झालं," रुखसार म्हणाली.

"तुझ्यामुळं कसं? गाईमुळं झालं."

ती हसली नाही. सरांनाही ते कळले. ते पेटीवर बसले.

"वाईट वाटतंय मला," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. लई वाईट वाटतंय. तुमची दहावी राहिली."

"तुमीच म्हनला व्हता," रुखसारचा आवाज चिरकला, "बरोबर उत्तरावर हरायचं न्हाई. मग तुमी?"

वर्गात असा एकही प्रश्न नव्हता ज्यावर सरांनी खडू हातात घेतला नाही. या प्रश्नावर त्यांनी गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. वळणावर एस.टी. दिसली. त्यांनी पेटी उचलली, गाठोडे मी वर दिले. पायरीवर उभे राहून ते म्हणाले, "ते मला सुटलेलं नाही, बाळ. तुम्ही सोडवा."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली तशी रुखसार तिच्या बाजूने चालू लागली.

"हे गणित न्हाई, सर!" ती म्हणाली. "हे सोडवायचं नसतंय. हे बदलायचं असतंय!"

सरांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. इंजिनाच्या घरघरीत त्यांना ऐकू आले नव्हते. "काय? काय म्हणालीस?"

संध्याकाळचे दूध घालायला निघालेली माणसे रस्त्याच्या कडेने चालली होती. रुखसार पळू लागली. तिने पुन्हा सांगितले, आणि या वेळी इतक्या मोठ्याने, की ती माणसे किटल्या खाली ठेवून जागच्या जागी उभी राहिली.